भाकरी खाणाऱ्याचा आजार

गारखेडा, औरंगाबाद
६ ऑक्टोबर २०१५

सौ. विहीणबाई,

मुलांच्या लग्नापासून आपण दोघी फोनवर बोललो की दोन मिनिटांत एकीने फोन ठेवलेला असतो, म्हणून हे पत्र. श्रेयाला हे पत्र घेऊन जा म्हटलं, तर "आई, मी तुम्हा दोघींची निरोप्या नाही" म्हणाली. सुनेचं हे उत्तर मी ऐकून घेतलं, कारण आदल्याच दिवशी तिच्या वडिलांचा रिपोर्ट आला होता. तेव्हा पोस्टाने पाठवते आहे.

बद्रीनाथरावांना मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला आणि तो यकृतापर्यंत पोचला आहे, हे ऐकून वाईट वाटलं. आश्चर्य मात्र वाटलं नाही, हे स्पष्ट लिहिते. मी जन्मभर कॉलेजात मुलींना आहारशास्त्र शिकवलं. आजही दर रविवारी वर्तमानपत्रात माझा स्तंभ येतो. आमच्या शंतनूच्या साखरपुड्याला तुमच्या नव्या बंगल्यात आले, तेव्हाच मी आमच्या ह्यांना म्हणाले होते की या घराचं पोट बिघडणार. मैद्याच्या रोट्या, मटणाची पातेली, पोरांच्या हातात थंड पेयांच्या बाटल्या. कंपन्यांना जमीन गेली, मोबदला आला आणि ताटातली ज्वारी हद्दपार झाली. चोथा पोटात जाणारच नसेल तर आतड्याने काम करायचं कशावर? करमाडपासून शेंद्र्यापर्यंत ज्यांनी ज्यांनी जमिनी दिल्या, त्या सगळ्या घरांतून आता असे रिपोर्ट येणार आहेत.

उलट आमच्या मुकुंदरावांकडे बघा. सगळी नोकरी बँकेत, खुर्चीवर बसून. पण लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून मी त्यांना चाळलेल्या पिठाची पोळी दिली नाही. आज चौसष्टाव्या वर्षी एक गोळी चालू नाही. व्याख्यानात मी त्यांना उभं करून दाखवते.

श्रेयाबरोबर गव्हाच्या कोंड्याची पिशवी पाठवली आहे. ती तरी तिने नेली. पिठात मूठभर मिसळत जा. व्याह्यांच्या बाबतीत उशीर झाला, बाकीच्यांना तरी सांभाळा.

प्रमोदिनी


करमाड
१४ ऑक्टोबर २०१५

प्रमोदिनीबाईंना आशाबाईचा रामराम.

पत्र मिळालं. कोंडा पण मिळाला. म्हशीला घातला. तिनं आवडीनं खाल्ला.

साखरपुड्याला मटण होतं, व्हय. ते पाहुण्यांसाठी होतं. आमचे मालक माळकरी आहेत. माझी श्रेया जन्मायच्या आधीपासून त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्या दिवशी ते मागच्या पडवीत बसून भाकर अन् मेथीची भाजी खात होते. तुमचे साहेब त्यांच्याजवळ येऊन बसले, त्यांनी विचारपूस केली. तुम्ही नाय आलात. तुम्ही पुढं आमची पातेली मोजायलत्या.

दोन टाइम ज्वारीची भाकर, पालेभाजी, कांदा, तोंडी लावायला ठेचा. हेच त्यांचं जेवण. तुमच्या पेपरात तुम्ही जे छापता, ते हा माणूस कळायला लागल्यापासून खातोय. तरी झालं. आता सांगा.

अन् ताटातली ज्वारी कुठं गेली ते मी सांगते. मागच्या साली ती हातभर वाढून जागेवर वाळली. यंदा राहिलेल्या रानात पेरायला ओलच नाय. भाकर खायची तर ज्वारी दुकानातून आणायची. दुकानदार म्हणतो, "मावशी, लई महाग झाली, शहरातली माणसं वजन उतरवायला खायलेत." तुमचे लेख वाचून आमची ज्वारी गारखेड्यात गेली अन् आमच्या वस्तीवर रेशनचा गहू आला. त्याच्यावर एक लेख लिहा.

मला विचाराल तर हे टँकरच्या पाण्यानं झालं. कुठल्या विहिरीत पाइप सोडतात कुणाला ठाऊक. अन् मोबदला आल्यापासून गावाची नजर आमच्यावर आहे, ती वेगळी. पण मी डॉक्टर नाय. तुम्ही पण नाय.

आशाबाई


गारखेडा
२ नोव्हेंबर २०१५

सौ. आशाबाई,

म्हशीची खुशाली कळली.

व्याही माळकरी आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण एका माणसाच्या माळेने शास्त्र बदलत नाही. कारण दुसरं असेल, ते शोधायला हवं. भाकरी तव्यावर काळी होईपर्यंत भाजता का? तंबाखू? दुष्काळात तुमच्याकडे हिरवी भाजी आठवड्यातून किती वेळा होते? पाणी पुरेसं पीत होते का? जमीन गेल्याचं मनात धरून बसले होते का? काहीतरी निश्चित असणार. विनाकारण असं होत नसतं. टँकर आणि नजर यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही. नजरेने आतड्यात गाठ येते असं सिद्ध झालं की कळवीन.

सोबत कात्रण जोडलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने गेल्याच आठवड्यात जाहीर केलं की प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण होतं, आणि लाल मांसही बहुधा होतं. तुमच्या मुलांना वाचून दाखवा. त्यांनी तर माळ घातलेली नाही ना?

ह्यांनी व्याह्यांना भेटायचं मनावर घेतलं आहे. दर गुरुवारी एस.टी.ने येतो म्हणतात. तुमच्या पडवीत त्यांना काय सापडतं मला ठाऊक नाही, पण येऊ दे, तेवढाच बदल. हल्ली ह्यांना जिना चढताना दम लागतो, चेहरा पांढुरका दिसतो. मूळव्याधीनेही डोकं वर काढलं आहे. मी कोंडा वाढवला आहे आणि रात्री इसबगोल देते, उतार पडेल. त्यांना चहाखेरीज काही देऊ नका. पंधरा डिसेंबरला माझं मोठं व्याख्यान आहे, 'ताटातून कर्करोगमुक्ती'. त्यात त्यांना पहिल्या रांगेत बसायचं आहे.

प्रमोदिनी


करमाड
२९ नोव्हेंबर २०१५

प्रमोदिनीबाईंना रामराम.

कात्रण मिळालं. प्रक्रिया केलेलं मांस म्हणजे काय, ते पोराला विचारावं लागलं. आमच्याकडं बोकड सकाळी ओरडतं अन् दुपारी शिजतं, मधी प्रक्रिया करायला कुणाला वेळ नसतो. मालकांना वाचून दाखवलं तर ते हसले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसले, तेवढे तुमचे उपकार.

किमो चालू झालंय. तोंडात फोड आलेत. भाकर दुधात कुस्करून देते, ती पण जात नाय.

येणारा माणूस बाजेवर बसतो, चहा पितो अन् विचारतो, "काय खाण्यात आलं हो?" शेजारचा सांडू म्हणतो फवारलेली गोबी. साळूबाई म्हणती फ्रिजमधलं शिळं. सरपंचाचा भाऊ म्हणतो तेल बदललं असेल. माळकरी माणूस आहे, भाकरीवर जगलाय, असं सांगितलं की लोकांची तोंडं उतरतात. जसं काय आम्ही त्यांना फसवलं. मी दोन महिने हे बघायली. ही माणसं मालकांसाठी नाय विचारत, स्वतःसाठी विचारतात. आम्ही काही तरी वंगाळ खाल्लं असं कळलं की त्यांना घरी जाऊन निवांत झोपता येतं. तुम्ही पण तेच करायलात, फक्त शुद्ध भाषेत.

साहेब दर गुरुवारी येतात. चहाखेरीज काही देऊ नका म्हणलात. पहिल्याच गुरुवारी त्यांनी आपल्या तोंडानं मागितलं, पांढरा भात, वरून तूप अन् साखर. तुरुंगातून सुटलेला माणूस असा जेवतो.

आता मुद्द्याचं, नीट वाचा. त्यांना रक्त पडतंय. उन्हाळ्यापासून. काळपट, शौचात मिसळलेलं. कंबरेचा पट्टा दोन भोकं आत गेलाय. हे त्यांनी मालकांना सांगितलं. ते गेल्यावर मालकांनी मला जवळ बोलावलं अन् म्हणाले, "व्याह्याचं अगदी माझ्यासारखंच चाललंय. तू काय ते बघ." पुढच्या गुरुवारी मी साहेबांना तोंडावर विचारलं, घरी का नाय सांगत? ते म्हणाले, "आशाबाई, तिचं पंधरा तारखेला व्याख्यान आहे."

शिकलेली माणसं लई बघितली, पण असली नाय.

इसबगोल फेका अन् त्यांना दवाखान्यात न्या. मूळव्याध नाय ती.

आशाबाई


गारखेडा
४ डिसेंबर २०१५

आशाबाई,

तुम्ही मर्यादा सोडली आहे. माझ्या नवऱ्याच्या शौचाची चर्चा तुमच्या पडवीत होते आणि तुम्ही ती मला लिहून कळवता, यापेक्षा वेगळ्या वागणुकीची अपेक्षा मी करायलाच नको होती.

ती मूळव्याधच आहे. आमच्या ओळखीच्या वैद्यांनी नाडी पाहून सांगितलं आहे. मी ह्यांना विचारलं, तेही "काही नाही गं, मूळव्याध" म्हणाले. ज्याच्या पोटात रोज मोजून चोथा जातो त्याला तुमच्या घरचा आजार होत नाही.

मला तुमची अडचण कळते. एकटीवर आलेलं दुःख सोसवत नाही, शेजारी कुणाला तरी बसवावंसं वाटतं. पण तो शेजारी आमच्या घरात शोधू नका.

ह्यांचं गुरुवारचं येणं आजपासून बंद. या विषयावर उत्तर नको.

प्रमोदिनी


करमाड
९ डिसेंबर २०१५

प्रमोदिनीबाई,

उत्तर नको म्हणलात म्हणून देते.

माझ्या दुःखाला सोबत पाहिजे म्हणून मी तुमच्या नवऱ्याला आजारी पाडायली, असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य मी मालकांना वाचून दाखवलं नाय. माझ्यापाशी ठेवलंय.

मालकांनी पण मला सांगितलं नव्हतं. रानातनं यायचे अन् म्हणायचे, ऊन बाधलंय. मी टँकरच्या रांगेत, ते जनावरांच्या चाऱ्यामागं, कुणाचं तोंड कुणाला दिसत नव्हतं. मग कुणीतरी मूळव्याधीचं मलम दिलं, ते सगळा पावसाळा लावलं. म्हणजे पावसाळ्याचे महिने, पाऊस नव्हताच. त्या वेळी मला कुणी असं घाण पत्र लिहिलं असतं, तर मी त्या माणसाचे पाय धरले असते. तुम्हाला लिहिणारी मिळाली तर तुम्ही तिला मर्यादा शिकवता.

पंधरा तारखेला मी तुमच्या व्याख्यानाला येणार. शेवटच्या रांगेत बसेन. तोवर तपासणी झाली असली तर गप बसेन. नसली तर माइकवर जाऊन सगळ्या बायकांना सांगेन, की या बाईच्या नवऱ्याला रक्त पडतंय अन् ही त्याला भुसा चारायली. मी बोलते ते करते. लग्नात बघितलंय तुम्ही.

आशाबाई


गारखेडा
९ फेब्रुवारी २०१६

आशाबाई,

दोन महिने लिहिलं नाही. श्रेयाकडून तुम्हाला कळत होतं, पण काही गोष्टी तिला ठाऊक नाहीत.

तुमच्या धमकीमुळे मी काहीही केलं नाही, हे आधी सांगते. तुम्ही सभागृहात आलात तेव्हा तपासणी झालेली नव्हती. व्याह्यांच्या किमोच्या दुसऱ्या दिवशी त्यांना मुलावर सोपवून तुम्ही एस.टी.ने आलात. मी मंचावरून तुम्हाला पाहिलं आणि ठरवलं, तिकडे बघायचंच नाही. चोथ्याने आतडं कसं निरोगी राहतं त्याचं चित्र मी पडद्यावर दाखवत होते, तेव्हा हे पहिल्या रांगेतून उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळाने परत आले ते भिंतीला हात लावत. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. तुम्ही एकट्या त्यांच्याकडे बघत होतात.

तुम्ही माइककडे याल म्हणून मी थांबले. आला असतात तर मी तुम्हाला चार वाक्यांत गप्प केलं असतं, मला ते येतं. तुम्ही आला नाहीत. ह्यांच्याजवळ गेलात, त्यांना खुर्चीवर बसवलंत आणि पाण्याची बाटली दिलीत. मी पुढचं वाक्य विसरले. व्याख्यान तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ. त्यानंतर दुर्बिणीची तपासणी झाली आणि गाठ दिसली. डॉक्टर शंतनूच्या वयाचा मुलगा. मी त्याला म्हणाले, "हे शक्य नाही. लग्नापासून हे कोंड्याची पोळी खातात. मांस नाही, दारू नाही."

"चांगलं आहे," तो म्हणाला. "तपासणी कधी केली होती?"

"कसली तपासणी? मी सांगते आहे की आहार..."

"बाई, आहाराने धोका कमी होतो. नाहीसा होत नाही. रक्त कधीपासून पडतंय?"

हेच म्हणाले, "एप्रिलपासून." आशाबाई, ते माझ्यासमोर डॉक्टरला सांगत होते आणि मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. तुम्हाला ते नोव्हेंबरात ठाऊक होतं.

जानेवारीत ऑपरेशन झालं. गाठ आतड्यातच होती, बाहेर पसरलेली नव्हती. ते शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? म्हणाले, "तू मला इतकी वर्षं लोकांना दाखवत आलीस, प्रमोदिनी. दाखवायची वस्तू नासली, हे कसं सांगायचं?" एवढं बोलून झोपले. मी नाही झोपले.

मग आमच्या महिला मंडळाच्या बायका भेटायला आल्या. अध्यक्षबाईंनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "तुमच्या नकळत बाहेर काही खात होते का हो?" मी नाही म्हणाले. त्यांनी माझा हात थोपटला, खोटं बोलणाऱ्या मुलीचा थोपटावा तसा. उतरताना जिन्यातून आवाज आला, "करमाडच्या व्याह्यांकडे जायचे म्हणे दर गुरुवारी." म्हणजे दोष तुमच्या घरावर टाकून त्या निवांत झाल्या. गेल्या वर्षीची मी असते तर मलाही ते सोयीचं वाटलं असतं.

स्तंभ बंद केला आहे. कोंड्याचे डबे रिकामे केले. इतकी वर्षं मी भुसा विकत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. आता हे मागतील ते देते, बेकरीतलं, गोड, काहीही. कशानेच काही होत नाही, हे कळलं आहे.

प्रमोदिनी


करमाड
१ मार्च २०१६

प्रमोदिनीबाईंना रामराम.

साहेब वाचले, बरं झालं.

पण तुमचं डोकं अजून ठिकाणावर नाय. एक टोक सोडलं की पळत जाऊन दुसऱ्या टोकावर बसता. आतड्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला बेकरीतलं चारायलात? काय द्यायचं ते डॉक्टरला विचारलंत का? नसेल विचारलं. तुम्हाला विचारायची सवयच नाय, सांगायची आहे.

मलाही तुमच्यासारखंच वाटलं होतं. किमोच्या रांगेत मी एका डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मग भाकर खाऊन आमचा फायदा काय झाला? त्या म्हणाल्या, "मावशी, भाकर अन् भाजी खाणाऱ्यांत हा आजार कमी जणांना होतो. ज्यांना झाला नाही ते इथं येत नाहीत, म्हणून ते तुम्हाला दिसत नाहीत. तुमचे मालक होणाऱ्यांत निघाले, त्यांची चूक नाही." मी घरी येऊन मालकांना सांगितलं. त्यांनी ते परत एकदा सांगायला लावलं. चूक नाय, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. चार महिने लोकांनी विचारून विचारून त्यांना चोर करून ठेवलं होतं. त्या लोकांत तुम्ही पहिल्या.

तेव्हा पोराबाळांना भाकर चालू ठेवा. श्रेयाला तर नक्कीच, बापाला झालंय म्हटल्यावर तिला पुढं तपासणी पण लागणार, असं त्या बाई म्हणाल्या. हे तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं, मी तुम्हाला नाय.

मालकांचं आता खरं नाय. दोन चमचे पेज जाते. पोट फुगलंय, पाय सुजलेत. उन्हं आत्ताच अंगावर यायलीत. पाण्याचा टँकर आला की सगळी गल्ली ओरडते, तेवढा वेळ ते डोळे उघडतात. साहेबांची आठवण काढतात. त्यांना प्रवास झेपत असला तर आणा. गुरुवारची वाट बघू नका.

आशाबाई


गारखेडा
३० एप्रिल २०१६

आशाताई,

वर काय लिहावं यावर बराच वेळ थांबले. 'सौ.' लिहायची सवय हाताला होती.

दहाव्याच्या दिवशी तुमच्या अंगणात मी आवाज चढवला. घरातलं माणूस गेलेल्यांच्या दारात असं करू नये, एवढं मला कळतं. पण तुमच्या जालन्याच्या नात्यातले ते गृहस्थ मांडवात बसून ह्यांना विचारत होते, "बद्रीनाथ खाऊन-पिऊन नीट होता ना? मग काय खाण्यात आलं?" माझ्याने राहवलं नाही. मी नेमकं काय बोलले ते मला आठवत नव्हतं, श्रेयाने नंतर सांगितलं. मी म्हणाले, "ते भाकरी खात होते. हे कोंडा खात होते. दोघांनाही झालं. एकाला वेळेवर ओढून नेलं, एकाला नेणारं कुणी नव्हतं. तुम्हाला रक्त पडत असेल तर हा चहा इथेच ठेवा आणि दवाखान्यात जा. पडत नसेल तर गप्प बसा." ते गृहस्थ उठून गेले. तुमचे नातेवाईक दुखावले असतील.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मला आत बोलावून पिठलं ढवळायला लावलंत. रागाने की कशाने, ते मला कळलं नाही.

डिसेंबरात मी तुम्हाला एक वाक्य लिहिलं होतं, दुःखाला सोबत हवी म्हणून. ते मी परत घेते. माफी मागायचा मला सराव नाही, त्यामुळे याहून बरं लिहिता येत नाही.

ह्यांची प्रकृती सुधारते आहे. डॉक्टरांना विचारलं. आधी मऊ भात, मग हळूहळू भाकरी सुरू केली आहे. गुरुवारी सकाळी हे कपडे करतात आणि मग गॅलरीत बसून राहतात.

एक विचारायचं होतं. करमाडला बायकांसमोर बोलायला मला बोलवाल का? ताटाबद्दल थोडंच बोलेन. रक्त, वजन, तपासणी आणि लाज, याबद्दल बोलायचं आहे. इथल्या मंडळाने हा विषय नको म्हटलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "संक्रांतीच्या वाणासारखं काहीतरी छान घ्या."

प्रमोदिनी


करमाड
१८ जुलै २०१६

प्रमोदिनीबाईंना आशाबाईचा रामराम.

काल तुम्ही शाळेत बोललात. कसं झालं ते कुणीतरी खरं सांगायला पाहिजे, म्हणून लिहिते. वाईट झालं. अर्ध्या बायका झोपल्या. तुम्ही 'मलनिस्सारण' म्हणलात तेव्हा साळूबाईनं मला विचारलं, हे कुठलं गाव. फळ्यावर तुम्ही ते आतडं काढलंत, त्याला आवडाबाई बराच वेळ नदी समजत होती. इतकी वर्षं तुम्ही पोरींना शिकवलंत अन् त्या पास झाल्या, हे नवलच आहे.

शेवटी तुम्ही चष्मा काढलात अन् खुर्ची ओढून बायकांच्यात बसलात. साहेब एप्रिलपासून ते डिसेंबरपर्यंत गप राहिले, तुम्हाला एकाच घरात राहून कळलं नाय, असं सांगितलंत, तेव्हा सगळ्या जाग्या झाल्या. ते आधी सांगायचं होतं. पुढच्या वेळेला फळा नको.

माफीचं वाक्य मिळालं होतं. त्याच्यावर मला काही लिहायचं नाय. पिठलं ढवळायला लावलं ते हातांना काम पाहिजे म्हणून. राग नव्हता तो. जालन्याचे पाहुणे अजून बोलत नाहीत, त्यानं आमचं काही अडलेलं नाय.

आता काम सांगते. तुमची गाडी गेल्यावर मी शाळेला कुलूप लावत होते, तर मालनबाई वऱ्हांड्यात उभी. आमच्या मागच्या गल्लीतली, दोन लेकरांची आई, कंपनीत झाडलोटीला जाती. मला म्हणाली, "काकी, मला दिवाळीपासून पडतंय." एवढंच बोलली अन् पदर तोंडावर घेतला. नवऱ्याला माहीत नाय. सासूला वाटतं अंगावरून जायलंय. वाळून काडी झालीय, अन् आम्ही सगळ्या म्हणायलो की कामानं वाळली.

सोमवारी पहिल्या एस.टी.नं मी तिला घेऊन येते. दवाखान्याच्या दारात तुम्ही थांबा. कुठला कागद कुठं द्यायचा ते तुम्हाला माहीत आहे, मला तिथं अजून भोवळ येते. तिच्यापुढं भाषण करू नका. साहेबांना पण आणा. ते समोर बसलेले दिसले तर तिला धीर येईल, यातनं माणूस उठतो म्हणून.

मालनबाई रात्री परत आली होती, येत नाय म्हणायला. डॉक्टरला भीत नाय ती, तुम्हाला भिते. म्हणाली, "त्या बाई मला विचारतील, तू काय खाते. काकी, मी काय सांगू? पोरांचं झाल्यावर राहील ते खाते."

मी तिला म्हटलं, नाय विचारणार.

मी शब्द दिलाय. तेवढा पाळा.

आशाबाई